रमजानात माझगावला: मीठ चाखणाऱ्या आत्याकडे तीन दिवस

दर वर्षी रमजान लागला की या ब्लॉगवर तुमची एकच विचारणा सुरू होते. ताई, मुंबईत कुठे काय खायचं त्याची यादी द्या ना. मालपुवा कुठल्या गल्लीत, फिरनी कुणाची, गाडी कुठे लावायची, बायका-मुलांना घेऊन गेलं तर चालेल का. अशी यादी मी आजवर दिली नाही, कारण माझगावात माझी आत्या राहते आणि रमजानात तिच्याकडे गेलं की मला बाहेर खायची गरजच पडत नसे. या वर्षी देते असं म्हणून बसले होते. तर आधीच सांगून टाकते, यादी या लेखातही नाही. फोटोही नाहीत. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथूनच मागे फिरावं, मला राग येणार नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी नगरची, मराठी ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झाल्यापासून एसटीने फिरते आणि फिरून आले की लिहिते. लीलाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. परळच्या एका इस्पितळात तिने जन्मभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि माझगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटीने संसार केला. तिच्या भिंतीला भिंत लावून हमीदाखाला. हे तिचं खरं नाव नाही. कोकणी मुसलमान, नवरा गोदीत होता, तो गेला. आता ती आणि तिची मुलगी शाहीन.

हमीदाखालाचा रोजा असला की तिच्या रश्शाचं मीठ आत्या चाखायची. नुसतं जिभेला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही असं त्यांच्यातही सांगतात, पण हमीदाखाला ते करत नसे. दिवसभराच्या तहानेने जीभ खोटं बोलते, असं तिचं म्हणणं. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास भिंतीवर दोन थापा पडायच्या, “लीला, ये गो!” आणि आत्या हातातलं काम टाकून जायची. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, जरा वर बघायचं आणि निकाल द्यायचा. चाळीसएक वर्षं हे चाललं. आमचा लेंतकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, रमजानातच आला की आणखी मजा. लेंतात आत्या मटण सोडते, तरी मटणाच्या रश्शाचा थेंब ती चाखायचीच. मी एकदा छेडलं तर म्हणाली, “चाखणं म्हणजे खाणं नव्हे. त्यांचा मौलवी तेच सांगतो, आपला पाळकही तेच सांगेल. दोघांना समोरासमोर बसवायची काय गरज आहे?”

या वर्षी लेंत आणि रमजान एकाच आठवड्यात सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “हमीदाने आठ दिवस झाले हाक मारली नाही गं. दारसुद्धा लोटलेलं असतं.” मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. त्याच संध्याकाळी ठाण्याच्या चुलतभावाने मोबाइलवर एक चित्र पाठवलं. वर चंद्रकोर, तिच्यामागे क्रूस, खाली पाच ओळी. त्याने विचारलं होतं, “हे आपल्या आत्याच्या शेजारणीबद्दल आहे का?” त्या पाच ओळी माझ्या होत्या.

त्या कशा झाल्या ते सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळणार नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांचा एक गट रमजानचे तीस दिवस मुसलमानांसाठी प्रार्थना करतो, त्यांना ख्रिस्त दिसावा म्हणून. अशी प्रार्थना इतर ठिकाणीही करतात, आम्हीच काही जगावेगळ्या नाही. प्रत्येकीने ओळखीच्या एका मुसलमानाचं नाव आणि त्याची ‘गरज’ चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि रोज ते नाव घेऊन मागायचं. मी लिहिलं होतं: ‘हमीदाबाई, माझगाव. शेजारी विश्वासणारी भगिनी आहे. गुपचूप पवित्र शास्त्र वाचतात. मुलीचा तलाक झाल्याने घरात दुःख, मन मऊ झालं आहे. हीच वेळ आहे.’

‘विश्वासणारी भगिनी’, म्हणजे ख्रिस्ती, ती आत्या. शाहीनच्या तलाकचं आत्याने मला विश्वासाने सांगितलं होतं. चाळीत सगळ्यांना जावई आखातात आहे एवढंच ठाऊक होतं. पण प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं की चहाडी ही चहाडी राहत नाही, अशी आम्हा बायकांची एक सोयीची समजूत आहे. शास्त्र वाचतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवाळीच्या सुमाराला मी न कळवता गेले, तर हमीदाखाला आत्याच्या पलंगाशी बसलेली, मांडीवर आत्याचं जाडजूड बायबल. मला बघून तिने ते मिटून ठेवलं. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला होता. आता मंडळीतल्या कुणा हौशी मुलीने चिठ्ठ्यांची चित्रं केली, ती मोबाइलवरच्या गटावर टाकली, तिथून ती कुठे कुठे गेली याला मी काय करणार, असं मी दोन दिवस स्वतःला समजावून पाहिलं. मग शुक्रवारच्या गाडीने निघाले.

नगरहून परळला जायला सकाळी सहाची गाडी बरी. आळेफाटा, माळशेज, कल्याण असा रस्ता, सात-साडेसात तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका. आळेफाट्याला वीस मिनिटं थांबतात. तिथली मिसळ तिखट आहे पण पाव ताजा असतो. या दिवसांत माळशेज कोरडा ठणठणीत, बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे मी घाटभर काय बोलायचं त्याची घोकंपट्टी केली. हमीदाखाला, माझा हेतू वाईट नव्हता. हे वाक्य मी घोळवून घोळवून गुळगुळीत केलं. मुरबाड येईपर्यंत माझी मला शिसारी आली.

परळला उतरून लालबागपर्यंत चालत गेले. वर्षाचा मसाला करायचे दिवस, मसाल्याच्या गल्लीत शिरताना नाकाला पदर लावूनच शिरावं लागतं. रस्त्यापलीकडे मिलच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे आणि इकडे मिरच्यांच्या राशी. तुम्हाला घ्यायचा असेल तर तयार मसाला घेऊ नका, डोळ्यांसमोर भाजून घ्या, तास जातो पण चव वर्षभर टिकते. मी दर वर्षी दोन पुड्या घेते, एक आत्याची, एक हमीदाखालाची. दुकानदार ओळखीचा झालाय. “दोन ना मावशी? नेहमीसारख्या?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. नेहमीसारख्या नव्हत्या त्या. एक तर सरळ सरळ लाच होती.

लालबागहून माझगावला बसने अर्ध्या तासात पोचले. आत्याने दार उघडलं, माझा गाल चाचपला आणि म्हणाली, “आलीस? वाळलीस.” हे ती मला कायम म्हणते. खोली लख्ख, पलंगाशी तिपाईवर बायबल, त्यातली खूण निम्म्यावर. चहा ओतताना थोडा बशीत सांडला. वय झालं, मी मनात म्हटलं.

साडेचारला तिने हात धुतले, पुसले आणि भिंतीलगतच्या स्टुलावर जाऊन बसली. पलीकडे फोडणी पडली, कांद्याचा, मग मटणाचा वास आला. समोरच भिंतीवर मोठं घड्याळ होतं, तरी तिने मला विचारलं, “पाच वाजले का गं?” सव्वापाच झाले होते. भिंत गप्प. सूर्य कलला, मशिदीतून अजान आली, पलीकडे ताटल्यांचा आवाज झाला. आत्या उठली.

“तिने खिमा केलाय आज,” ती म्हणाली. “मी काय चुकले तेवढं तिने सांगावं. मग नाही बोलली तरी चालेल मला.”

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “आत्या, भात लावू का?”

शनिवारी गिरगावात गेले. आत्याला सांगितलं, ब्लॉगसाठी जाते. गिरगावातली ती जुन्या लाकडी घरांची वाडी तुमच्यापैकी अनेकांनी विचारली आहे. जरूर जा, सकाळी जा, चर्नी रोडहून पायी दहा-बारा मिनिटं. पण ती माणसांची घरं आहेत. फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या वाचा आणि पाळा. मी गेले तेव्हा एक लग्न ठरलेलं जोडपं कुणाच्या तरी ओट्यावर चढून छायाचित्रं काढून घेत होतं आणि वरच्या खिडकीतल्या म्हातारीने त्यांचा असा उद्धार केला की ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याला कुणीतरी बोललं पाहिजे.

शाहीन गिरगावातच चष्म्याच्या दुकानात काम करते. फोनवर म्हणाली होती, दुकानात नको, वाडीतल्या क्रूसापाशी बसू. वय चौतीस, बोलणं तुटक आणि सडेतोड. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सुरुवात केली.

“आंटी, ते तुम्ही लिहिलंय ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? तलाकचं अम्मीने फक्त लीलाआंटीला सांगितलेलं. लीलाआंटी कुणाला सांगणार? तुम्हाला. आणि टाइप तर लीलाआंटी करणार नाय. तिला तर...” ती मधेच थांबली. “सोडा.”

मी विचारलं, तुझं काही बिघडलं का. काय मूर्ख प्रश्न. ती म्हणाली, “भायखळ्याला लग्नाचं बोलणं चाललेलं, ते थांबलं. मला त्याचं टेन्शन नाय. त्या माणसाला तलाकचं मी स्वतः सांगितलेलं. त्याच्या घरच्यांना मोबाइलवर चंद्र आणि क्रूस बघून कळायला नको होतं, बस. पण अम्मीचं वेगळंय. तिला जिन्यात अडवून विचारतात, तू ख्रिश्चन होणार म्हणे? खालच्या घरात बायका नमाजला जमतात, अम्मी गेली की सगळ्या गप्प. आणि लीलाआंटीबद्दल काय बोलतात माहितीये? म्हणे चाळीस वर्षं मीठ चाखायच्या नावाने येत होती, हेच करायला.”

मला ते ऐकून आधी राग आला, आणि तो त्या बायकांचा आला. आपल्यावर हा आरोप आम्ही येताजाता ऐकतो. आमचा शाळेतला नाताळ, आमचं इस्पितळातलं औषध, सगळ्यामागे म्हणे आमचा धर्मांतराचा डाव. मी आयुष्यभर त्यावर तावातावाने भांडले आहे. आणि इथे आत्याच्या चाळीस वर्षांच्या थेंबांमागे डाव आहे, असं मीच लेखी देऊन ठेवलं होतं.

“मी खालाला भेटते,” मी म्हटलं.

“भेटा. पण माफी मागून तुम्हाला मोकळं व्हायचं असेल तर नका येऊ.” एवढं बोलून ती दुकानाकडे निघून गेली. तिचा रोजा होता. मी तिला उन्हात अर्धा तास बोलायला लावलं होतं, हे मला ती गेल्यावर सुचलं.

संध्याकाळी मसाल्याची पुडी घेऊन निघाले तेव्हा आत्याचा चेहरा उजळला. “तिला सांग, मी रागावलेली नाही,” ती म्हणाली. ही उलटीच गोष्ट झाली, पण मी मान हलवली.

हमीदाखालाने दार उघडलं, बाहेर गॅलरीत दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि मला आत घेतलं. चटईवर जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, त्यावर खजूर, कापलेलं कलिंगड, कांदाभजी. शेगडीवर पातेलं. “बस गो. पाणी घे, तुझा कुठे रोजा आहे.” मी पाणी घेतलं नाही. पुडी पुढे केली, तिने ती घेऊन फळीवर ठेवली. पातेल्याकडे बघत मी म्हटलं, “मीठ बघू का?”

“नको. अंदाजाने घालते आता.”

मग मी बोलले. घाटात घोकलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, खाला, ते मी लिहिलं, चुकलं माझं. ती ऐकत भजी ताटात लावत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “तीस दिवस दुवा करायची असते ना तुमची? शाहीनने वाचून दाखवलं मला. रोज नाव घेऊन.”

“हो.”

“किती दिवस केलीस?”

मला खोटं बोलता आलं असतं. “चार,” मी म्हटलं.

ती हसली. खरंच हसली, दात दिसेपर्यंत. “चार दिवस! मग विसरलीस? बरा बाजार केलास गो माझा. मी म्हटलं, चला, आपल्यासाठी कोणीतरी महिनाभर पदर पसरते, मग त्याला राम म्हणो, रहीम म्हणो, येशू म्हणो. तू ते पण नाय केलंस.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हटलं, खाली जाऊन त्या बायकांना सांगते, त्या गटावर खुलासा लिहिते, आता लगेच.

“तू आणखी काय लिहू नको,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझा लीलावर राग नाय. रोज पाच वाजता माझा हात भिंतीकडे जातो. पण हाक मारली की वरचे-खालचे कान लावतात. ती एक थेंब चाखणार आणि हे म्हणणार, बघा, आली परत. ह्या वयात मी मुसलमान आहे हे पटवायला कोणाकोणाला कलमा म्हणून दाखवू? जिन्यात एकीला म्हणून दाखवला मी, माहितीये? माझ्या मुलीच्या वयाची ती. तिने मान हलवली, पास झाले म्हणून.”

अजान झाली. तिने खजूर तोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि दुसरा अख्खा माझ्या हातावर ठेवला. “खा. दारात आलेल्याला उपाशी नाय पाठवत आम्ही. आणि लीलाला यातलं सांगू नको. तिला वाटू दे, मी भांडखोर आहे. तिच्या तोंडून तुझ्याकडे गेलं, हे कळलं तर तिचं जेवण तुटेल.”

परत आले तर आत्या दारातच. “काय म्हणाली?” मी म्हटलं, गुडघे धरलेत तिचे, म्हणून कुठे जात-येत नाही. त्या संध्याकाळी आत्याने भाकरी एक जास्त खाल्ली.

खोटं किती टिकावं? रविवारी सकाळी आत्या उपासनेला जायला पांढरी साडी नेसून तयार झाली आणि हातात तेलाची बाटली. “चर्चहून आले की जाते तिच्याकडे. गुडघ्यांना चोळून देते. इतकी वर्षं वॉर्डात हेच केलंय, न बोलवता गेलं तर काय बिघडतं?” ती गेली असती तर गॅलरीतल्या सगळ्यांसमोर हमीदाखालाला दार लावून घ्यावं लागलं असतं. मग मी आत्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. तलाकचं, चिठ्ठीचं, चित्राचं, कलम्याचं.

तिने विचारलं, “ते आहे तुझ्याकडे? लिहिलेलं?” मी मोबाइल पुढे केला. तिने तो घेतला नाही. “वाच,” म्हणाली.

मी वाचलं. शाळेत हजारो मुलांकडून धडे वाचून घेतले, पण पाच ओळी वाचणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

“गुपचूप शास्त्र वाचतात?” आत्या म्हणाली. “हे कुठून काढलंस?”

“मी पाहिलं ना दिवाळीत. तिच्या मांडीवर बायबल होतं. मला बघून मिटलं तिने.”

“अगं, मला दिसत नाही.”

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला आधी अर्थच लागला नाही. मग तिने सांगितलं. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला, डाव्याला नुसता उजेड कळतो. पडद्याचं दुखणं, चष्म्याने भागणारं नाही, ज्या इस्पितळात जन्म काढला तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं. तिने फक्त हमीदाखालाला सांगितलं, कारण आम्हाला कळलं असतं तर आम्ही तिला उचलून नगरला नेलं असतं. हमीदाखाला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. रोज दुपारी येऊन ती आत्याला एक अध्याय वाचून दाखवायची. तू आल्यावर मिटून ठेवायचं, असं आत्यानेच तिला बजावलं होतं.

“तिला सगळं आवडायचं असं नाही,” आत्या म्हणाली. “वंशावळी आल्या की म्हणायची, लीला, ही नावं गाळू का गो, जीभ वळत नाय. मी म्हणायचे, एकही गाळायचं नाही. रमजानातसुद्धा खंड नाही पाडला तिने. आपलं कुराण वाचून व्हायचं, मग माझं घ्यायची. थेंबभर पाणी न पिता, मोठ्याने. मला ऐकायला कमी येतं ना. आणि तू लिहिलंस, मन मऊ झालंय.”

मी रडायला लागले. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. चर्चलाही ती गेली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, “मला नगरला ने.”

मी म्हटलं, आत्या, असं घाईने नको.

“घाईने नाही. मी इथे पलीकडे बसलेली असेन तोवर तिला रोज सगळ्यांना पटवून द्यावं लागणार. मी गेले की लोक विसरतील. तिला याच जिन्याने वर-खाली करायचंय मरेपर्यंत.”

सोमवारी सकाळी दोन पिशव्या आणि बायबल घेऊन आम्ही निघालो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. खोलीला कुलूप लावून आत्या माझ्या खांद्याला धरून गॅलरीतून चालली. हमीदाखालाच्या बंद दारापाशी ती थांबली. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो बंद पडला. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या होत्या हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत असणार. मग आत्या म्हणाली, “चल, गाडी चुकेल.”

नगरला आल्यावर पहिल्या बुधवारी मी आमच्या गटात गेले आणि सगळ्यांसमोर झालेलं सांगितलं, आत्याचे डोळे, वाचन, सगळं. एकदोघींनी डोळे पुसले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, चांगल्या कामात सैतान अडथळे आणतोच, आपण लीलाबाईंच्या दृष्टीसाठी प्रार्थना करू या. मी म्हटलं, तिचं नाव कुठेही लिहायचं नाही. त्या दुखावल्या. माझं तिथे जाणं तेव्हापासून बंद आहे. या बायका दुष्ट नाहीत हे तुम्ही लक्षात घ्या. माझ्याएवढ्याच चांगल्या आहेत, आणि मला भीती त्याचीच वाटते.

आणखी लिहू नको असं मला हमीदाखालाने सांगितलं होतं, आणि तरी मी हे लिहिलं आहे. नाव बदललं, तिच्या घरातल्या दोन-चार गोष्टी बदलल्या, शाहीनला दाखवलं. ती म्हणाली, “तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाय ना आंटी?” याला परवानगी म्हणायची की काय ते मला ठरवता आलेलं नाही. तुम्हाला हा लेख मी छापायला नको होता असं वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. पण पुढच्या रमजानात कुणी तुम्हाला एखाद्या शेजारणीचं नाव चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, तर आधी तिच्या घरी जाऊन बसा, आणि ती तुमच्या माणसासाठी काय करते ते विचारा.

आता आत्याला मी वाचून दाखवते. ती ऐकते. वंशावळी आल्या तेव्हा मी न विचारताच गाळल्या. तिला कळलं असणार, पण तीही काही म्हणाली नाही.

ईदच्या दिवशी सकाळी तिने मला माझगावला फोन लावायला सांगितलं. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा केला. शाहीनने उचलला. आत्याने ईद मुबारक म्हटलं, शाहीननेही म्हटलं, तब्येत विचारली. “हमीदा आहे का गं?” आत्याने विचारलं.

“अम्मी ना? खाली गेलीय आंटी, शेजारी. आली की सांगते.”

आणि तेवढ्यात, तिच्या मागे, त्याच खोलीत, हमीदाखालाचा आवाज आला. “शीरखुर्म्याला लहान वाट्या काढ गो, मोठ्या नको!” खणखणीत, स्पष्ट.

“बरं बरं,” आत्या म्हणाली. “आली की सांग, मी फोन केला होता.” मी फोन बंद केला. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा चेहरा शांत होता.

“आवाज छान आहे तिचा,” ती म्हणाली. “रमजानात वाचून वाचून घसा बसायचा.”